मावशींचा अंदाज कागदावर: वाढत्या छोट्या व्यवसायात कामाच्या पद्धती कशा लिहून काढाव्यात

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला नऊ दिवस असताना आमच्याकडच्या चकली तळणाऱ्या मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी गावी गेल्या. फराळाचं काम घरातून गाळ्यात हलवून तेव्हा आम्हाला दीड वर्ष झालं होतं, चारची अकरा माणसं झाली होती. मावशींच्या हाताखाली दोन वर्षं काढलेली मुलगी कढईपाशी बसली. भाजणी तीच, तेल तेच, कढईही तीच. चौथ्या दिवशी दुकानदारांचे फोन सुरू झाले: चकली मऊ पडलीय. ४२ किलो माल परत आला. मुलगी रडवेली होऊन एवढंच म्हणत होती, "मावशी करतात तस्संच केलं हो."

ती खोटं बोलत नव्हती. तेलातले बुडबुडे बसले की चकली काढायची, हे ती रोज बघत होती. बुडबुडे बसल्यावरही मावशी जरा थांबतात, हे मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं. मावशींनीही कधी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायची गोष्ट आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. हाताला सवय होती, हात थांबत होता.

त्या ४२ किलोंनंतर मी लिहायला बसले. कामाच्या अशा लिहिलेल्या पद्धतीला मोठ्या कंपन्यांत एसओपी म्हणतात. आमच्याकडे "पान" म्हणतात: चकलीचं पान, पॅकिंगचं पान, गॅसचं पान. पुढची उदाहरणं फराळाच्या कामातली आहेत, पण शिवणकाम, गॅरेज, छपाई, नर्सरी असं कुठलंही काम असलं तरी पायऱ्या याच क्रमाने घ्या असं माझं सांगणं आहे.

आधी पंधरा दिवस फक्त प्रश्न टिपा

सुरुवातीला मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. इंटरनेटवरून एक नमुना उतरवून घेतला. त्यात आधी उद्दिष्ट, मग व्याप्ती, मग जबाबदाऱ्या. तीन संध्याकाळी बसून १८ पानं भरली. ती कुणी वाचली नाहीत, आणि वाचायला हवी होती असंही मला आज वाटत नाही. त्यात आमच्या कढईबद्दल एक शब्द नव्हता.

मग शंभर पानी वही आणून फोनजवळ ठेवली. दिवसभरात कुणीही मला काही विचारायला आलं की तारीख, कोण आणि प्रश्न, एवढंच लिहायचं. "ताई, तेल बदलू का?" "या दुकानाची मागची बाकी आहे, माल देऊ का?" "शेव पाकिटात भरताना चुरा चालेल का?" पंधरा दिवसांत ११२ प्रश्न झाले. मोजायला बसले तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त प्रश्न फक्त नऊ कामांबद्दलचे आहेत. आमची यादी तिथेच तयार झाली.

त्या नऊ कामांना चार प्रश्न लावले. हे काम एकाच माणसाला येतं का? चुकलं तर माल किंवा पैसा जातो का? कुणाला इजा होऊ शकते का? सरकारी नियमाने याची नोंद ठेवावी लागते का? ज्या कामाला दोन किंवा जास्त "हो" आले ते आधी घेतलं. आमच्याकडे गॅस सुरू-बंद करणं, चकली तळणं, वजन-लेबल आणि तळणीच्या तेलाचा हिशेब, ही चार वर आली. बाकीची पुढच्या सहा महिन्यांत जमतील तशी लिहिली. झाडू कसा मारायचा हे अजूनही लिहिलेलं नाही.

लिहिण्याआधी पायरीच काढून टाकता येते का ते बघा

हे बहुतेक जण विसरतात. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केले. तिथली कामाची वाटणी मला फार शिकवून गेली. पीठ केंद्रावर एका जागी मळलं जातं. भगिनी ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि पापड केंद्रावर आणून देतात, तिथे ते तपासले जातात. चव ठरते पिठात, आणि पीठ घरोघरच्या हातांवर सोडलेलंच नाही. हातांवर सोडलं आहे ते लाटणं, आणि लाटलेला पापड डोळ्यांनी, वजनाने तपासता येतो.

आम्ही हाच विचार मसाल्याला लावला. आधी प्रत्येक जण भिजवताना मीठ, तिखट, हळद, ओवा, तीळ आपल्या हाताने घालायचा. आता एक मुलगी सोमवारी बसून आठवड्याच्या पुड्या बांधते. पाच किलो भाजणीला एक पुडी. चकलीच्या पानावर मसाल्याबद्दल तेवढी एकच ओळ आहे. पाच ओळी गेल्या आणि पाच चुकांच्या जागाही गेल्या.

ज्याच्या हातात काम आहे त्याच्याजवळ बसा

मालकाने आपल्या टेबलाशी बसून पद्धत लिहिली की ती मालकाला वाटते तशी निघते. प्रत्यक्ष काम वेगळं असतं. मावशी परत आल्यावर मी तीन दिवस त्यांच्या शेजारी पाट घेऊन बसले. पहिल्या दिवशी नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी मोबाईल स्टँडवर लावून हातांचं आणि कढईचं चित्रीकरण केलं. तिसऱ्या दिवशी विचारलं.

"कसं करता?" असं विचारलं तर उत्तर येतं, "त्यात काय, नेहमीसारखं." त्याऐवजी हे विचारा: आता हात का थांबला? बिघडत चाललंय हे सगळ्यात आधी कशावरून कळतं? नवीन माणूस इथे काय चुकतो? पावसाळ्यात वेगळं काय करता? शेवटच्या प्रश्नाने आम्हाला खजिना मिळाला. पावसाळ्यात मावशी भाजणी भिजवायच्या आधी कढईत कोमट करून घेत होत्या. दोन वर्षांत मला ते माहीत नव्हतं.

हाताचा अंदाज मोजायची एक सोपी युक्ती आहे. मोहनाच्या तेलाचं भांडं वजनकाट्यावर ठेवायचं आणि त्यांना नेहमीसारखं पळीने घेऊ द्यायचं. भांड्याचं वजन जेवढं कमी झालं तेवढं मोहन. मध्ये बोलायचं नाही, चमचे मोजायला सांगायचं नाही, नाहीतर हात सावध होतो आणि खरं प्रमाण कळत नाही. सात वेळा मोजलं. किलोमागे कमीत कमी ११५ ग्रॅम, जास्तीत जास्त १२५ ग्रॅम. ज्याला आपण अंदाज म्हणतो तो किती पक्का असतो, हे मला त्या दिवशी काट्यावर दिसलं. आम्ही १२० लिहिलं.

इथे मनाची एक गोष्ट सांभाळायला हवी. अनुभवी माणसाला भीती वाटते की सगळं लिहून घेतलं की आपली गरज संपेल. ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. मी मावशींना आधीच स्पष्ट सांगितलं की शिकवण्याच्या दिवसांचे वेगळे पैसे मिळतील, तळणीची जबाबदारी त्यांच्याकडेच राहील आणि पानावर "पद्धत सांगणार" म्हणून त्यांचं नाव असेल. तिन्ही गोष्टी केल्या. फसवून काढून घेतलेली माहिती अर्धी असते, आणि माणूस कायमचा दुरावतो.

आता पान लिहा

एक काम, एक पान, एका बाजूला. उलटावं लागलं तर ती दोन कामं आहेत असं समजा. आमचं चकली तळण्याचं पान असं आहे:

चकली तळणे. आवृत्ती ३.
सुरू करण्याआधी: ताजी तेलनोंद बघा. थर्मामीटर, झारा, जाळी, घड्याळ आणि कढईचं झाकण हाताशी ठेवा.
१. तेल कढईच्या कड्यांच्या चार बोटं खालपर्यंतच भरा.
२. थर्मामीटरची सळई तेलात धरा, तळाला टेकवू नका. १७५ अंश दिसल्यावर पहिला घाणा सोडा.
३. एका घाण्यात १६ चकल्या. जास्त सोडल्या तर तेल थंड होतं आणि चकली तेल पिते.
४. सोडल्यावर लगेच झारा लावू नका. वर येऊन कडा घट्ट झाल्या की उलटा.
५. आच कमी करा. तेल १६० च्या खाली जाऊ देऊ नका.
६. बुडबुडे बसले की घड्याळ लावा. आणखी ४० सेकंद. मगच काढा.
७. जाळीवर निथळा. वर्तमानपत्रावर कधीही नाही.
८. दर पाचव्या घाण्यातली एक चकली गार करून मोडा. टचकन मोडली पाहिजे, आत ओलसर रेघ दिसता कामा नये.
९. पूर्ण गार झाल्याशिवाय पॅकिंगला देऊ नका. पाकिटात वाफ धरली की चकली मऊ पडते.
बिघडलं तर: बाहेरून लाल पण आत कच्ची असेल तर तेल जास्त तापलंय, आच उतरवून १७५ वर येऊ द्या. तेलात सुटी होत असेल तर मोहन जास्त झालंय, पुढचा घाणा थांबवा आणि भिजवणाऱ्या ताईंना बोलवा.
तेलातून धूर आला तर: गॅस बंद. झाकण ठेवा. पाणी टाकू नका. कढई हलवू नका.

तीन आणि नऊ या ओळींत "का" लिहिलेलं आहे, सातव्या ओळीचं कारण, म्हणजे वर्तमानपत्राची शाई चकलीला लागते हे, तोंडी सांगितलेलं आहे. कारण कळलं की माणूस ती पायरी गाळत नाही. पण सगळ्याच ओळींना कारणं जोडली तर पान लांबतं. जिथे घाईत पायरी गाळायचा मोह होतो तिथेच कारण द्या.

भाषेबद्दल माझं ठाम मत आहे. "करण्यात यावे", "घेण्याची दक्षता घ्यावी" असली सरकारी वाक्यं नकोत. "करा", "थांबा", "बोलवा" पुरेत. शब्द कामावरचेच ठेवा. आमच्याकडे "घाणा" म्हणतात तर पानावरही घाणाच लिहिला.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं काम. कच्चं पान घ्या, लाल पेन घ्या आणि या शब्दांखाली रेघ मारा: थोडं, नीट, व्यवस्थित, पुरेसं, मंद, जरा वेळ, आवश्यकतेनुसार. अशा प्रत्येक शब्दाच्या मागे कुणाचा तरी अंदाज लपलेला असतो. तो बाहेर काढून त्याजागी आकडा, वेळ किंवा डोळ्यांना-कानांना कळेल अशी खूण लिहायची. "जरा वेळ" होतं तिथे ४० सेकंद आले, आणि आमचे ते ४२ किलो नेमके याच दोन शब्दांत गेले होते.

मात्र प्रत्येक गोष्टीला आकडा देता येत नाही, आणि ओढूनताणून देऊही नये. चकली भिजवायच्या पाण्याचं माप आम्ही मुद्दाम पक्कं केलेलं नाही. भाजणी किती बारीक दळली, किती दिवसांची आहे, हवा कशी आहे, यावर पाणी बदलतं. तिथे खूण लिहिली: गोळा सोऱ्यात घालून एक वेढा पाडा. वेढा तुटला तर पाणी कमी. काटे बसले तर पाणी जास्त. काटे उभे राहिले आणि वेढा अखंड आला की बरोबर. शेजारी तिन्हींचे फोटो. पाचशे शब्दांत जे समजावता आलं नसतं ते या तीन फोटोंनी समजावलं.

न येणाऱ्या माणसाकडून करून घ्या

पान तयार झालं की ते काम कधीच न केलेल्या माणसाच्या हातात द्यायचं आणि स्वतः गप्प उभं राहायचं. चकलीच्या पानाच्या आवृत्ती १ ची परीक्षा पॅकिंगवरच्या मुलाने घेतली. तो पहिल्याच ओळीला अडला, कारण मी लिहिलं होतं "तेल योग्य पातळीपर्यंत भरा". मग तो चार ठिकाणी थांबला आणि चारही ठिकाणी दोष पानाचा होता. तो जिथे थांबेल, वळून तुमच्याकडे बघेल, किंवा चुकीचं करेल, तिथे खूण करा. फक्त हात भाजण्यासारखं काही होत असेल तर लगेच अडवा. दुसऱ्या दिवशी दुरुस्त पान घेऊन दुसरा माणूस. तिघांनी न विचारता काम पुरं केलं की पान वापरायला मोकळं.

पान कुठे राहील

फाइलमध्ये ठेवलेलं पान नसल्यातच जमा. चकलीचं पान लॅमिनेट करून कढईच्या डाव्या बाजूला, तेल उडणार नाही अशा अंतरावर, डोळ्यांच्या उंचीला लावलं आहे. गॅसचं पान रेग्युलेटरच्या वर. कुलूप लावण्याचं पान दाराच्या आतल्या बाजूला, कारण तिथूनच माणूस बाहेर पडतो. अक्षर चार हातांवरून वाचता आलं पाहिजे.

आमच्याकडची चार मुलं हिंदी वाचतात, दोन मावश्यांना वाचनाची सवय नाही. म्हणून मराठी आणि हिंदी पानं शेजारी शेजारी आहेत, आणि जिथे जमेल तिथे अक्षराऐवजी रंग आहे. मुंबईचे डबेवाले एवढ्या डब्यांची अदलाबदल न होऊ देता ने-आण करतात ती झाकणावरच्या रंग, अक्षर आणि आकड्यांच्या छोट्या खुणांवर. त्यात वाक्य एकही नाही. आमच्याकडे शेंगदाणा लागलेली सगळी भांडी लाल पट्टीची. शेंगदाण्याची ॲलर्जी काहींना जिवावर बेतू शकते, आणि लेबलवर त्याचा उल्लेख करणं बंधनकारक आहे. लाल पट्टीचा झारा चकलीच्या कढईत जाणार नाही, हे वाचायला शिकावं लागत नाही.

पद्धत वेगळी, नोंद वेगळी

पान सांगतं काय करायचं. नोंदवही सांगते काय केलं. दोन्ही एका कागदावर कोंबू नका. नोंदीही कमीत कमी ठेवा, नाहीतर माणसं संध्याकाळी बसून एकदम रकाने भरतात आणि तशी नोंद खोटी असते.

आमच्या तीन नोंदी रोजच्या आहेत. पहिली तेलाची: केव्हा भरलं, किती घाणे झाले, केव्हा काढलं. तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात वाढत जाणारे खराब पदार्थ) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरता येत नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. त्यासाठी चाचणीची उपकरणं आणि पट्ट्या मिळतात. दुसरी वजनकाट्याची: सकाळी ५०० ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवून काटा काय दाखवतो ते लिहायचं. वैधमापन खात्याचा शिक्का असला तरी हे रोज करा, काटा शिक्क्यानंतरही बिघडू शकतो. पॅकिंगच्या पानावर पहिली ओळच आहे: रिकामं पाकीट ठेवून काटा शून्य करा.

तिसरी नोंद बॅचची. लेबलवर १४ अंकी परवाना क्रमांकाबरोबर बॅच क्रमांक लागतोच, पण तो नुसता छापून उपयोग नाही. आमचा क्रमांक "च-१४१०-२" असा असतो: चकली, १४ ऑक्टोबर, दुसरी कढई. वर्षातून दोनदा आम्ही दुकानातून आपलंच एक पाकीट विकत आणतो आणि घड्याळ लावतो. एका तासात सांगता आलं पाहिजे की ही भाजणी कुठल्या दिवशी दळली, तेल कितव्या दिवसाचं होतं, त्या बॅचची बाकी पाकिटं कुठल्या दुकानांत आहेत. पहिल्यांदा आम्हाला पावणेचार तास लागले, कारण दुकानाच्या बिलावर बॅच लिहिलेलीच नसायची. बिलात एक रकाना वाढवला, आता २५ मिनिटं लागतात. कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी आणि कीटकनियंत्रणाचे कागद याच कपाटात आहेत, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी आले की शोधाशोध होत नाही.

कढईबाहेरची कामं

ऑर्डर फोनवर कशी घ्यायची, उधारी कुठपर्यंत द्यायची, परत आलेल्या मालाचं काय करायचं, यांचीही पानं करा, पण ती लहान असतात. आमचं उधारीचं पान तीन ओळींचं आहे: मागचं बिल २१ दिवसांपेक्षा जुनं असेल तर नवा माल रोख. अपवाद फक्त मालक करतील. अपवाद केला तर कारण बिलावर लिहा. या तीन ओळींनी माझे दिवसाचे चार-पाच फोन वाचले, आणि माल देणाऱ्या मुलावरचं ओझंही उतरलं. आधी नाही म्हणायचं अवघड काम त्याच्या गळ्यात होतं.

पान बदलायचं कसं

पानावर खाली कोपऱ्यात आवृत्ती आणि तारीख हवीच. मूळ प्रत एकाच ठिकाणी, एकाच माणसाच्या ताब्यात. नवं पान लावताना जुनं त्याच वेळी फाडायचं, कारण दोन भिंतींवर दोन आवृत्त्या राहिल्या तर पान नसलेलं परवडतं. बदल कुणीही सुचवू शकतं: प्रत्येक पानाशेजारी दोरीला पेन्सिल आहे, तिथेच लॅमिनेशनच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर लिहायचं. शनिवारी आम्ही दहा मिनिटं ते कागद वाचतो. तांदळाचा व्यापारी बदलला, कढई बदलली, गॅसची शेगडी मोठी घेतली, की संबंधित पान पुन्हा एकदा नवख्या माणसाकडून करून घ्यायचं. आणि दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आधी, श्रावण संपताना, सगळी पानं एकदा वाचून काढायची.

चुकीचा माल निघाला की पहिला प्रश्न "कुणी केलं?" हा येतो. आम्ही आधी पान मागतो. पानावर होतं आणि केलं नाही, की पानावरच नव्हतं? आमच्या अनुभवात दुसरं जास्त वेळा असतं.

गेल्या तीन वर्षांत आम्ही ३१ पानं लिहिली. आज भिंतीवर २२ आहेत. तीन कामं बंद झाली. आठ पानं दोन-दोन जोडून चार केली. दोन पानं मी मावशींना न विचारता लिहिली होती, ती कुणी पाळत नव्हतं, म्हणून काढून टाकली. चार कामांची पुन्हा नव्याने पाहणी चालू आहे, त्यांतलं पहिलं अनारशाच्या पिठाचं. मावशी म्हणतात, तांदूळ तीन दिवस भिजवून पीठ मुरवायला किती वेळ ठेवायचं, हे थंडीत आणि उन्हाळ्यात वेगवेगळं लिहायला लागेल.